पार्सल मिळणार नाही

जेवताना आवाज न करणाऱ्या माणसावर जपानी चाचांचा विश्वास नव्हता. नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावरच्या एका गल्लीत, टायरच्या दुकानाला चिकटून त्यांचं रामेनचं, म्हणजे जपानी शेवयांच्या सुपाचं, हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, एक शटर, एक लांब कट्टा आणि कट्ट्यापुढे ओळीने मांडलेल्या खुर्च्या. एखादा शहाणासुरता माणूस तिथं बसून ओठ मिटून, बेताबेताने खाऊ लागला की चाचा कट्ट्यापलीकडून त्याच्याकडे बघत राहायचे. शेवटी न राहवून म्हणायचे, "भाऊ, सासुरवाडीला आल्ते का? मारा की भुरका!" ज्या भुरक्यापायी लहानपणी आईचे धपाटे खाल्ले, तो इथं मारला नाही तर बोलणी बसायची.

चाचा मूळचे हसनाबादचे. तरुणपणी लग्नाच्या बिर्याणीच्या देगी लावायचे. त्यातून कुणाच्या तरी ओळखीने जपानला गेले, एका हिंदुस्थानी हॉटेलात नान भाजायला. ते हॉटेल बुडालं. शेजारच्या रामेनवाल्या म्हाताऱ्याने यांना भांडी घासायला ठेवून घेतलं आणि हळूहळू पातेल्यापाशी उभं केलं. "तिथं डुकराच्या हाडाचं सूप. मी म्हणलं, मी हात बी लावणार न्हाई. म्हातारा लई भला. माझ्यासाठी कोंबडीचं पातेलं अलग चढवलं," चाचा सांगायचे. त्या कोंबडीच्या पातेल्यापाशी त्यांची पंधरा वर्षं गेली. थोरल्या मुलीचं लग्न त्यांनी मोबाइलवर बघितलं, धाकटीच्या वेळी चार दिवस येऊन गेले. कायमचे परत आले तेव्हा घरात फक्त चाची होत्या. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. लाइटबिल वाटणारासुद्धा 'जपानी' अशी हाळी देऊन बिल टाकून जातो.

मी बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. बायको-मुलं वाटूरला, मी आठवडाभर जालन्यात खोली करून. तेव्हा संध्याकाळचं जेवण बऱ्याचदा चाचांकडेच. मी बियाण्याच्या कंपनीतला आहे हे कळल्यावर चाचांनी पहिल्याच आठवड्यात फर्मावलं, "मंग सोयाबीन तुम्हीच आणा." सोयाबीन शिजवून, आंबवून ते त्याचा एक खारट लगदा करायचे आणि लोणच्यासारखा चिनी मातीच्या बरणीत मुरत ठेवायचे. शाकाहारी गिऱ्हाइकाच्या सुपात तो जायचा. मी सांगितलं, चाचा, आमच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते खाल्लं तर तुमचं गिऱ्हाईक थेट सरकारी दवाखान्यात. ते इतके दचकले की पुढे महिनाभर माझ्या हाताचं पाणीसुद्धा संशयाने घ्यायचे. मग मी वाटूरहून आमच्या शेतातलं सोयाबीन आणून देऊ लागलो.

त्यांचा सगळ्यात कडक नियम भिंतीवर रंगवलेला होता: पार्सल मिळणार नाही. शेवया सुपात पडल्या की लगेच खायच्या, नाही तर त्या सूप पिऊन फुगतात आणि सगळ्याचा गच्च गोळा होतो. "शेवयी म्हंजे वरात हाय भाऊ, थांबून राहत न्हाई," असं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. एकदा एका पुढाऱ्याचा ड्रायव्हर मोठा डबा घेऊन आला. साहेबांच्या घरी पाहुणे आहेत म्हणाला. चाचा म्हणाले, "साहेबाला आणा, पाहुण्यालाबी आणा. डबा नका आणू." ड्रायव्हर तणतणत गेला. साहेब काही आले नाहीत. आम्ही चाचांना म्हणालो, असा धंदा होतो का? ते म्हणाले, "धंदा न्हाई झाला तर न्हाई झाला. बदनामी तरी होणार न्हाई."

कट्ट्यापुढच्या खुर्च्यांमध्ये भिंतीकडची शेवटची खुर्ची बुटकी होती. इतकी की माझ्यासारखा माणूस तिच्यावर बसला तर हनुवटी थेट वाटीच्या काठाला लागे. मी बहुतेक वेळा उशिरा पोचायचो आणि तीच माझ्या वाट्याला यायची. एकदा वैतागून म्हणालो, "चाचा, सुताराने फसवलं तुम्हाला. बदलून घ्या ही." ते कांद्याची पात चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "फसवलं न्हाई. माप देऊन बनवून घेतली. तिचे गुडघे दुखत्यात, उंच खुर्चीवर चढता येत न्हाई. पण ती अजून आलीच न्हाई. तवर तुम्ही बसा."

ती म्हणजे चाची. हॉटेल निघून तिसरं वर्ष सरत आलं होतं, सगळी गल्ली भुरके मारून गेली होती, आणि चाचींनी रामेनचा एक चमचासुद्धा तोंडाला लावला नव्हता. हे मला आधी खरं वाटलं नाही. मग एकदा सोयाबीनचं पोतं द्यायला मी जुन्या जालन्यातल्या त्यांच्या घरी गेलो. चाची दारातच शिलाई मशीनवर बसल्या होत्या. नवरा परदेशी असताना याच मशीनवर त्यांनी दोन्ही पोरींना वाढवलं, म्हणजे पैसे तिकडून यायचे, पण पोरींना ताप आला की रात्र यांचीच. त्यांनी मला पाणी दिलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम भी वो जपान का पीते क्या?"

मी हो म्हणालो. उगाच चोरी पकडल्यासारखं झालं.

"पीओ, पीओ. तुम्हारा क्या गया?" त्या म्हणाल्या. "मेरी तो सौतन है वो. पंद्रह बरस मेरे आदमी कू रख ली. सौतन का पकाया कौन खाता?" आणि खडखड मशीन सुरू केली. ईदच्या शेवया काढायचं घरचं मशीनही चाचांनी हॉटेलात नेलं होतं, त्याचा राग वेगळाच.

मी हे चाचांना सांगितलं नाही, पण त्यांना माहीतच होतं. ते मुळी कधी आग्रहच करत नसत. मी म्हणायचो, एकदा घरीच करून घाला ना. तर म्हणायचे, "घरी नेऊन दिलं तर ते पार्सलच झालं. ती तिच्या पायानं येईल. येईल म्हणजे येईल." दोघंही अडून बसलेले. असल्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, पडला तर तोंडावर पडतो.

पडली ती थोरली लेक. माहेरपणाला आली होती. एका शुक्रवारी चाचा नमाजला जाताना तिला कट्ट्यापाशी बसवून गेले. तिने काय करावं? दुधाच्या किटलीत सूप ओतलं, त्यातच शेवया टाकल्या, वर अंडं ठेवलं, शेजारच्या टायरवाल्याला दुकानाकडे बघायला सांगितलं आणि रिक्षात बसून निघाली आईकडे. आयुष्यभर आईने किटलीतून खीर पाठवलेली पोर ती, तिला वाटलं हेही तसंच जात असेल. पुलावर गर्दीत रिक्षा अडकली. घरी जाऊन झाकण काढलं तर सूप गायब. आत नुसता पांढरा गोळा, त्यात चमचा ताठ उभा!

लेकीने गळ घातली म्हणून चाचींनी त्यातलं दोन चमचे खाल्लं. संध्याकाळी लेक हॉटेलात येऊन आम्हा सगळ्यांसमोर हसत हसत सांगत होती, "अम्मी बोली, ये तो बीमार का दलिया है. इसके वास्ते गया था तेरा बाप?"

आम्हीही हसलो. चाचा हसले नाहीत. हातातला झारा त्यांनी खाली ठेवला आणि गॅस बंद केला. "जल्दी खाऊन घ्या," ते म्हणाले. "बंद करून राह्यलोय." ऐन गर्दीची वेळ. गिऱ्हाईक उठवलं, शटर ओढलं, आणि सुपाचं पातेलं, कणीक, शेवयांचं मशीन, दोन वाट्या असं सगळं रिक्षात चढवलं. पातेलं धरायला कुणीतरी हवं होतं आणि मी बुटक्या खुर्चीवरून अजून उठलेला नव्हतो. तर तो मान माझा. पूल ओलांडेपर्यंत गरम पातेलं मांडीवर फडक्यात धरून मी बसलो होतो. लेक शेजारी कणीक सांभाळत बसली होती.

घरात शिरले ते थेट स्वयंपाकघरात. चाची मागोमाग धावल्या. "अरे मेरे बावर्चीखाने में कायकू घुसरे?"

चाचांनी शेगडी पेटवली. इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "नमक किधर है?"

"जिधर शादी से है, उधरीच है," चाची म्हणाल्या.

चाचा उभेच राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. चाचींनी क्षणभर वाट पाहिली आणि मग हात लांबवून खिडकीतला डबा त्यांच्यापुढे आदळला. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण शेवयांच्या मशीनचा दांडा माझ्या हातात होता.

वाटी तयार झाली. चाचा हॉटेलात राहतात तसेच, खांद्यावर फडकं टाकून, बायकोसमोर उभे राहिले. चाची खाटेवर बसल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी मुद्दाम सावकाश सुरुवात केली. मग बशीतला चहा ओढतात तसा एक भुरका आला. मग दुसरा. नंतर त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. वाटी तोंडाला लावून तळापर्यंत प्यायल्या, पदराने तोंड पुसलं.

"अच्छा है," त्या म्हणाल्या. "भौत अच्छा है." चाचांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पर पंद्रह बरस का नहीं है."

चाचांनी खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. "हौ," ते म्हणाले. "नहीं है."

एवढंच. रडारड नाही, काही नाही. चाची गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तवा चढवला आणि म्हणाल्या, "अब तुम बैठो. पंद्रह बरस मैं भी रोज पकाई. वो कौन खाता?" ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मलाही वाढली. चाचा मान खाली घालून खात होते, तोंडातून जरासुद्धा आवाज न काढता.

चाची अजूनही हॉटेलात आलेल्या नाहीत. ती बुटकी खुर्ची मात्र घरी गेली, शिलाई मशीनपाशी बसायला बरी पडते म्हणे. तिच्या जागी चाचांनी उंच खुर्ची आणली.

परवा मला दुपारी भूक लागली म्हणून त्या गल्लीत गेलो, तर ऐन दीड वाजता शटर बंद. शटरवर खडूने लिहिलं होतं: दुपारी बंद. मालक घरी जेवायला गेले आहेत. तिथं आधीच मोंढ्यातले एक व्यापारी उभे होते, भुकेने तापलेले. "काय येडा माणूस हाय!" ते मला म्हणाले. "हॉटेलवाला कधी घरी जेवायला जातो का?"

"जाऊ द्या हो," मी म्हणालो. "त्यांना आधीच लई उशीर झालाय."