वहीतला उजवा रकाना

अख्ख्या कोल्हापुरात सगळ्यात जास्त संशय कुणाच्या पोटात असेल, तर तो आमच्या मामंजींच्या. मामंजी म्हणजे माझे सासरे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. निवृत्तीला खात्यानं शाल-नारळ दिला, पण संशय काही परत मागून घेतला नाही. मंडईत ते दिसले की भाजीवाल्या घाबरून एखादं वांगं जादा टाकायच्या. ते वांगं मामंजी काढून ठेवायचे. "जादा बी माप चुकीचंच," म्हणायचे. घरातलं घड्याळ ते रेडिओशी ताडून बघायचे आणि रेडिओ शेजाऱ्यांच्या रेडिओशी.

दोन हजार तीन साली मला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. कशानं, ते कुणालाच सांगता आलं नव्हतं. या खेपेला सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं, आणि साखर वाढलेली निघाली. "गरोदरपणात काहींना होते, बाळंतपणानंतर बहुतेक जाते," त्या म्हणाल्या. "पण तोवर सांभाळली नाही तर बाळाला धोका असतो." मागच्या वेळीही हेच असेल का, असं मी विचारलं. "असू शकेल. आता सांगता यायचं नाही."

सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ते पटेना. "आमच्यात कुणालाच साखर न्हाय. आणि पोटुशी बाईला उपाशी मारायचं, हे कसलं औषध म्हणायचं?" असं म्हणत त्यांनी डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्यापुढं सरकवला. मामंजींनी तो उचलला आणि शेजारी देऊन आले. दुसऱ्या दिवशी हुपरीच्या मित्राकडनं चांदी तोलायचा काटा आणला आणि माझी भाकरी त्यावर चढली. मग भातही चढला. पारडं जरा झुकलं की भाकरीची कड मोडून स्वतःच्या तोंडात टाकायचे. "मामंजी, एवढ्यानं काय होतंय?" मी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले. "एवढ्यानंच होतंय पोरी. तोळ्यात फसवणारा मणात फसवायला भीत न्हाय."

बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र आलं, तेव्हा तर त्यांना खात्यात परत घेतल्यासारखं झालं. यंत्र तपासल्याबिगर माप घ्यायचं नाही, म्हणून आधी स्वतःच्या बोटाला टोचायचे, मग नवी सुई लावून माझ्या. "मला कसली साखर? मी आपला प्रमाणित वजन," असं पहिल्या दिवशी ऐटीत म्हणाले. चार दिवसांनी ते वाक्य बंद झालं. मला वाटलं, यंत्र पास झालं. आकडे वहीत लिहून वही खिशात ठेवायचे. त्यांचा आकडा मी कधी विचारला नाही. माझाच ऐकताना मी भिंतीकडं बघत बसायचे.

पथ्यानं भागेना, तेव्हा इन्सुलिन सुरू झालं. आठवा महिना लागला आणि माझी झोपच उडाली. एका दुपारी इन्सुलिन घेतलं आणि पाहुणे आले म्हणून जेवण लांबलं. हातपाय कापायला लागले, अंग घामानं भिजलं. साखर अशी एकदम उतरली तर लगेच गोड घ्यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, तरी मला काही सुचेना. मामंजींनी साखरेच्या डब्यात हात घातला आणि मूठभर साखर, न मोजता, पाण्यात कालवून मला पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचून बघितलं. मग खाली बघत विचारलं, "बाळ हलतंय का?" आमच्या घरात सासरे सुनेला असलं विचारत नसत. मी पोटावर हात ठेवून बसले. बराच वेळ काही नाही. आत्याबाई दारात उभ्या होत्या. मग उजव्या कुशीत एक लाथ बसली. "हाय," मी म्हणाले. मामंजी परसात गेले आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

मुलगी झाली, सुखरूप. तिच्या टाचेतून रक्त घेऊन तिची साखर बघितली, तीही ठीक निघाली. दीड महिन्यानं माझी तपासणी होती, तेव्हा डॉक्टरीणबाईंना दाखवायला मी मामंजींच्या खिशातली वही मागून घेतली. डाव्या रकान्यात माझे आकडे होते. उजव्यात त्यांचे. एकही दोनशेच्या खाली नव्हता.

"आधी वाटलं, यंत्रच खोटं," ते म्हणाले. "लॅबमध्ये जाऊन आलो. यंत्र खरं निघालं."

"मग सांगितलं का नाही मामंजी?"

"एका घरात दोन पेशंट झाले की लक्ष वाटलं जातंय. तुझ्यातलं कमी करायचं नव्हतं."

माझी साखर गेली, पण पुढं कधीही येऊ शकते म्हणून दरवर्षी तपासायला सांगितलं होतं. त्यांची काही जाणार नव्हती. डोळ्यांवर तिनं आधीच हात फिरवला होता, दिसायला कमी झालं होतं. मग आम्ही दोघं बरोबरच जायचो. उपाशीपोटी लॅबच्या बाकावर शेजारी शेजारी बसायचो. माझं नाव आधी पुकारलं की ते माझी पर्स सांभाळायचे, पट्टा हाताला गुंडाळून, घट्ट.

आता ते नाहीत. माझी यंदाची तपासणी अजून राहिलीय. मुलगी म्हणते, "मी येते की बरोबर." मी म्हणते, पुढच्या आठवड्यात जाऊ.