तुळशीरामचं गार घर

तुळशीरामचा हात हलका, असं म्हसळ्याच्या बाजूला त्याच्या वाडीत सगळेच म्हणायचे. भिंतीला रंग मारायला घेतला तर खाली थेंब पडू द्यायचा नाही. घरची भातशेती होती, पण ती पावसाळ्यापुरती. दिवाळी झाली की वाडीतले निम्मे बापये मुंबईची वाट धरायचे. तुळशीराम शाळेतल्या एका मित्राच्या ओळखीने थेट मस्कतला गेला. मागे आई ठमाबाई, बायको कोकिळा आणि शाळेत जाणारी लेक रुचिका.

तिथे त्याच्या हातात जी गन आली तिच्यातून रंग नव्हे, फोम उडायचा. दोन पिंपांतली दोन औषधं नळ्यांमधून येऊन गनच्या तोंडाशी एक व्हायची, छताला चिकटायची आणि बघता बघता आंबोळीच्या पिठासारखी फुगून यायची. घटकाभरात ती वाळून टणक. डोंगरापलीकडच्या वाळवंटी गावांतली जुनी घरं, कुठे मातीची, कुठे सिमेंटच्या ठोकळ्यांची. उन्हाळ्यात त्यांच्या भिंतींना हात लावला तर चटका बसायचा. फोम मारला की त्याच घरात दुपारी माणसं झोपायला लागायची. एकदा एका घरचा म्हातारा काम संपल्यावर कितीतरी वेळ छताकडे बघत उभा राहिला आणि मग त्याने तुळशीरामचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. काय बोलला ते तुळशीरामला कळलं नाही. पण त्या दिवशी त्याला आई आठवली. गावाकडच्या त्याच्या घराची कौलं काढून सिमेंटचे पत्रे घातले होते आणि तेव्हापासून चैत्र-वैशाखात ठमाबाई भाकरी खाऊन झाली की गोधडी उचलून परसातल्या फणसाखाली जाऊन बसायची. आपण लोकांची घरं गार करत हिंडतोय आणि आपली आई झाडाखाली, हे त्याला लागलं. एकदा घरी जाऊन आपल्याही पत्र्याला फोम मारायचा, हे त्याने तेव्हाच मनाशी धरलं.

काम करताना तोंडाला रबरी मास्क लावायचा असायचा. त्याची गाळणी ठरावीक दिवसांनी बदलायची, पण ठेकेदार म्हणायचा, अजून चालेल. आणि त्या उन्हात मास्कच्या आत घामाचं पाणी साचायचं, जीव घाबरा व्हायचा. सगळेच तो गळ्यात ओढून काम करायचे. तुळशीरामही करायचा. आधी संध्याकाळी नुसता खोकला यायचा. मग रात्री छातीत शिटी वाजायला लागली. धाकटा भाऊ सुजित तोवर त्याच्याच शब्दावर तिथे कामाला आला होता. तो म्हणायचा, "दादा, धूळ हाय ती. दूध पी जरा." एक दिवस तुळशीराम शिडीवरून खाली उतरूच शकला नाही. दोघांनी धरून उतरवला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

डॉक्टर केरळचा होता, हिंदीत बोलला. तुझ्या अंगाने या औषधाशी कायमचं वैर धरलंय, म्हणाला. आता वासाइतकं गेलं तरी छाती बंद होईल. दुसरं काम बघ.

दुसरं काम ठेकेदाराकडे नव्हतं. तुळशीराम घरी आला आणि त्याची गन सुजितच्या हातात गेली.

पावसाळाभर त्याला बरं वाटलं. लावणीला तो चिखलात उतरला, कोकिळाच्या बरोबरीने भाताची रोपं लावली, आणि डॉक्टर उगाच घाबरवतात असं मनात म्हणू लागला. पण शिमग्याच्या सुमाराला वाडीत भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घेतले. पालापाचोळ्याचा, शेणाचा धूर शेताशेतांतून उठला आणि तुळशीराम बांधावरच बसला. कोकिळा दम्याचा पंप घेऊन धावत आली, त्याच्या तोंडात दाबला. वाडीतल्या चंदरने बैलगाडी जोडायची तयारी केली, पण तोवर श्वास परतला.

त्याच उन्हाळ्यात पनवेलचा एक ठेकेदार त्याला शोधत आला. काशीदला कोणीतरी जुनी कौलारू घरं घेऊन पाहुण्यांसाठी खोल्या करत होतं, कौलांखालून फोम मारायचा होता. ठेकेदाराची पोरं नवीन होती.

"तू गन धरू नकोस," तो म्हणाला. "लांब उभा राहून नुसतं सांग."

कोकिळा म्हणाली, "जाऊ नका वो. मी जाते ना शाळेत खिचडी रांधायला. भागतंय आपलं."

"मी काय मेल्यागत बसून राहू?" तुळशीराम म्हणाला आणि गेला.

पहिले दोन दिवस तो सुरूच्या झाडांपाशी उभा राहून हातवारे करत सांगत होता. त्याला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी वारा फिरला. समुद्राकडून जमिनीकडे वाहायचं सोडून तो घरांकडून त्याच्या अंगावर आला. पंप खिशात होता, पण खिशापर्यंत हात गेला नाही. शुद्ध आली तेव्हा तो अलिबागच्या इस्पितळात होता, नाकाला नळी, आणि कोकिळा पायांशी बसलेली. तिने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच त्याला जास्त लागलं.

त्यानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही. चढण चढताना थांबायला लागायचं. तुळशीराम दारातल्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलायचा, तेही तोडून तोडून. सुजितचा फोन आला की विचारायचा, "मास्क लावतोस ना?"

"लावतो रे."

"गाळणी बदलतोस?"

"व्हय दादा, किती येला इचारशील?"

पुढच्या चैत्रात ठमाबाई चुलीपाशीच चक्कर येऊन पडली. अंग तव्यासारखं तापलेलं. दवाखान्यातून आणताना डॉक्टरांनी सांगितलं, म्हातारीला त्या पत्र्याखाली दुपारची ठेवू नका. फणसापर्यंत चालत जाण्याचं बळ आता तिच्यात उरलं नव्हतं. सुजित तेव्हा रजेवर आला होता. तो म्हणाला, "दादा, पनवेलवाल्याला बोलवू या. मी उभा राहून करून घेतो. तू तेवढे दिवस वहिनीच्या माहेरी श्रीवर्धनला जाऊन राहा. वाळल्यावर कायपन राहत न्हाय, तुलाच ठावं."

तुळशीरामला ठाऊक होतं. मस्कतकडे लोक दोन-तीन दिवसांत घरात परत यायचे, लहान पोरांना घेऊन निजायचे.

"मार," तो म्हणाला. "आयेला एक दुपार तरी नीट झोपू दे."

सासुरवाडीच्या सुपारीच्या बागेत त्याने पंधरवडा काढला. परत आला तेव्हा पत्र्याखाली पिवळट, फुगीर छत झालं होतं. कोकिळा हसत म्हणाली, "बघा, आता पंखापन लागत न्हाय." ठमाबाई भर दुपारी गोधडीवर घोरत होती. तुळशीराम उंबऱ्यात उभा राहून ते बघत राहिला. एवढं सुख त्याला कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. मग तो आत गेला, आईच्या उशाशी बसला, आणि दुपार कलेपर्यंत त्याच्या छातीत शिटी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पत्रा तापला की छतातून मासळीसारखा एक बारीक वास उतरायचा. बाकी कोणाला तो यायचाच नाही. तुळशीरामला कळून चुकलं की पनवेलवाल्याच्या पोरांनी दोन औषधांचं माप चुकवलंय आणि फोम नीट मुरलेला नाही. ठेकेदार फोनवर म्हणाला, महिन्याभरात जाईल वास. महिना गेला, वास गेला नाही. पुढे ठेकेदाराने फोन उचलणंच सोडलं.

"खरवडून काढू," सुजित म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"खरवडलास तर भुगा उडेल. तो घरात कोपऱ्याकोपऱ्यात बसेल. मग तर मला अंगणातपन राहता यायचं न्हाय. नि पत्रे उतरवायचे तर नवे कशानं घालनार?" तुळशीराम थांबून थांबून म्हणाला. "राहू दे. आये झोपतेय."

गुरं केव्हाच विकली होती. कोकिळाने रिकामा गोठा सारवला, त्यात बाज टाकली आणि तुळशीरामचं बिऱ्हाड तिथे गेलं. सुजितची रजा संपली, तो गेला. ठमाबाईला आधी कळेना की पोरगा घरात का निजत नाही. कळलं तेव्हा ती कोकिळाच्या आधाराने गोठ्यापर्यंत आली.

"माज्यासाठी तू भाईर पडलास?"

"न्हाय गं आये. मला इथंच वारा लागतो बरा."

"खोटं बोलू नको. मी म्हातारी, आज हाय, उद्या न्हाय. मला कशाला हवा व्हता गारवा?"

त्याने सरकून तिला बाजेवर जागा करून दिली. त्यानंतर ठमाबाईने दुपारी घरात निजणं सोडलं. गोठ्याच्या दारात पोराच्या बाजेशी बसून राहायची, घामाने भिजून. कोकिळाने रागावून, हात धरून आत न्यावं, तर थोड्या वेळाने पुन्हा बाहेर. दोघींपैकी कोणीच ऐकणारं नव्हतं. रुचिका बाहेरून यायची तेव्हा ते गार घर सताड उघडं आणि रिकामं असायचं.

आषाढात गोठ्याच्या भुईला ओल आली, आणि तुळशीरामचा दमा वाढला. ठमाबाई आता पावसामुळे घरातच होती, आणि श्रावणात तिने अंथरूण धरलं. एका सकाळी कोकिळाची हाक आली. हाक कसली ती, तुळशीरामला त्यातच समजलं. पंप ओढून तो घरात गेला. आई भिंतीकडे तोंड करून निजली होती, हात अजून ऊन होता. तो तिथे मांडी घालून बसला. वाडीतली माणसं जमली, चंदर म्हणाला, "चल बाबा, भाईर चल, तुला सोसायचं न्हाय." तुळशीराम उठला नाही. श्वास तुटायला लागला, डोळे पांढरे झाले, तेव्हा दोघांनी त्याला काखेत हात घालून बाहेर आणला. अंगणात पाऊस पडत होता. स्मशानापर्यंत चालणं त्याला जमलं नाही. सुजितला विमान मिळालं नाही, म्हणून ठमाबाईच्या पुतण्याने अग्नी दिला. तुळशीरामने तो धूर गोठ्याच्या दारातून, पलीकडच्या उतारावर चढताना पाहिला.

सुजितने दिवसकार्याला यायचं म्हटलं, तेही जमलं नाही. फोनवर बोलताना तो मध्येच खोकला आणि घसा खाकरून म्हणाला, "थंड पाणी प्यायलो रे." तुळशीराम फोन कानाशी धरून तो खोकला पुन्हा येतो का ऐकत राहिला.

आता घरात कोकिळा आणि रुचिका निजतात. कोकिळा सकाळी शाळेत जायच्या आधी त्याला चहा आणि तांदळाची भाकरी गोठ्यात आणून देते, बाजेच्या कडेला टेकून त्याचा घास संपेपर्यंत बसते. कधी कधी म्हणते, श्रीवर्धनला भाड्याने खोली बघू या. तो होकाराची मान हलवतो. दोघांनाही ठाऊक असतं की खोली बघायला कोणी जाणार नाही. ती पदर खोचते, भांडं उचलते आणि चिखलातून निघून जाते.