तळघरातली मोरी

साठ सालच्या आसपास मी यवतमाळात कारकून होतो आणि एका सायकल दुकानाखालच्या तळघरात भाड्याने राहत होतो. खिडकी रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. बायको होती तेव्हा आम्ही पायांवरून माणसं ओळखायचो. ती तापाने गेली. पाय तेच राहिले, ओळखायचं कोणाबरोबर?

सात महिन्यांनी मोरी तुंबली. आंघोळीचं पाणी फरशीवर पसरून पलीकडे दुकानदाराने रचलेल्या टायरांखाली शिरलं. तोच माझा घरमालक. भला माणूस, पण त्यानेही शेवटी हात टेकले.

"बाबूजी, माल खराब होऊन राह्यला माहा. झाडूवाल्याले पाठवू का? नाहीतर खोली खाली करा."

अडीच वर्षांचा आमचा संसार, तो सगळा या चार भिंतींत. खोली गेली तर तिचं म्हणून काय उरणार होतं? आणि झाडूवालाच काय, मी तेव्हा कोणालाच आत घेत नव्हतो.

"मीच काढतो," म्हणालो.

"तुमी? कायले हात घालता त्याच्यात?" तो माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघत राहिला. तरी ब्रेकची जुनी तार मात्र त्यानेच दिली.

आमच्या घराण्यात पुरुषाने मोरीला हात लावल्याचं कोणी ऐकलं नसेल. आधी सोडा टाकून उकळतं पाणी ओतलं. ते वर येऊन माझेच पाय भाजले. मग बांबूची कामटी घातली, ती आत मोडली. संताप संताप झाला. शेवटी तारेच्या टोकाला आकडा केला, उपडा पडलो आणि दंडापर्यंत हात आत घातला. काहीतरी अडकलं. ओढलं तर शिकेकाईच्या चोथ्यात लडबडलेले लांब काळे केस. ओढतोय तर संपेचनात.

वेणी घालताना गळलेल्या केसांचं गुंतवळ ती भिंतीतल्या दगडांच्या सांधीत खुपसून ठेवायची. महिन्या-दोन महिन्यांनी एक सुयावाली यायची, गुंतवळ घेऊन सुया, बिब्बे द्यायची. घरोघरची रीत ती. पण मी एकदा भडकलो होतो, "खोली आहे का उकिरडा? उद्या भाकरीत केस येतील!" दुसऱ्या दिवशी सांध रिकामी. बायको शहाणी आहे, म्हणून मी खूश झालो होतो. केस मग जातात कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या धाकाने ती ते गुपचूप मोरीत सोडत होती.

गळगळ आवाज करत सगळं पाणी निघून गेलं. वरून दुकानदार ओरडला, "वा रे बाबूजी!" मी खाली ओल्या फरशीवर बसून लहान पोरासारखा रडत होतो.

केस चार पाण्यांनी धुतले, खिडकीत वाळवले आणि त्याच सांधीत नीट खुपसून ठेवले.

पुढच्या आठवड्यात खिडकीशी दोन पाय येऊन थांबले. धुळीने माखलेले, घोट्यात जाड वाळे. पाहताक्षणी ओळखले. सुयावाली फार दिवसांनी आली होती, बायको गेल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"बाई, ओ बाई! गुंतवळ हाय का वं?"

सात महिन्यांत माझ्या बायकोला कोणी हाक मारली नव्हती. मी ओ दिली नाही. सुयावालीने आणखी एकदा हाक मारावी म्हणून गप्प बसून राहिलो.