राग मोजणाऱ्या बाई

"तीन बार नाम पूछे, तीनों बार गलत लिखे! मैं हौला-पागल दिखरा क्या तुम्हारे कू?"

खाजामियाँ ओरडत होते. हैदराबादेतल्या तारनाक्याच्या ऑटो स्टँडवरचा सगळ्यांत शांत माणूस म्हणून त्यांचं नाव होतं, आणि आता त्यांच्या आवाजानं मानसशास्त्र विभागाच्या खिडक्यांची तावदानं थरथरत होती. व्हरांड्यातली कबुतरं उडाली ती थेट काचीगुडा स्टेशनच्या छपरावर जाऊन बसली. मी मख्ख चेहऱ्यानं फॉर्मवर चौथ्यांदा लिहिलं, 'राजामियाँ'. त्यांनी माझ्या हातातलं पेन हिसकावलं, तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडून बाई बाहेर आल्या. घड्याळाकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "आइए मियाँ. हिरवा ठिपका दिसला की बटन दाबना, लाल दिसला की नक्को दाबना."

लोकांना राग आणणं ही माझी पगारी नोकरी होती. बाईंना शोधायचं होतं ते इतकंच, की राग आला की माणसाचं लक्ष किती बिघडतं आणि किती वेळानं ताळ्यावर येतं. त्यासाठी आधी माणूस रागवायला हवा. सही घेतानाच 'काही गोष्टी शेवटी सांगू' असं आम्ही त्याला सांगत असू. मग मी त्याचं नाव चुकवायचो, तोच फॉर्म पुन्हा भरायला लावायचो, त्याच्यासमोर फोनवर बोलत हसायचो. तो तापला की बाई त्याला पडद्यापुढे बसवून ठिपके दाखवायच्या, त्या वर्गावर असल्या की तेही मी एकटाच करायचो; बटण किती वेळात दाबतो ते यंत्र टिपायचं. सगळं संपलं की चहा, बिस्किट आणि बाईंची माफी. "नाव आम्ही मुद्दाम चुकवलं. तुम्हाला राग यावा म्हणून. चूक आमची."

खाजामियाँनी बिस्किट चहात बुडवलं आणि म्हणाले, "पैले बोलते तो घर से गुस्सा लेके आता था ना अम्मा."

तो दिवस संपल्यावर कबुतरांची गोष्ट मी बाईंना सांगितली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मोजलीस?"

हा त्यांचा स्वभाव. विभागात त्यांना तोंडावर मॅडम आणि पाठीमागे मोजणीबाई म्हणत. मी एकटा बाई म्हणायचो, कारण आम्ही दोघंच मराठी. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून काचीगुड्यात, आमचे वडील नांदेडकडून येऊन रेल्वेच्या कचेरीत लागलेले. मी म्हणायचो, बाई, तुमच्यासाठी हजार लोक बोलावले. त्या म्हणायच्या, "चौदा." मी म्हणायचो, चिक्कडपल्लीहून यायला बसमध्ये युगं लागली. त्या म्हणायच्या, "पन्नास मिनिटं. मीही त्याच बसला होते." आमच्या घराण्यात गोष्ट फुगवून सांगण्याची रीत आहे, आजोबांनी एकट्यानं अडवलेल्या रझाकारांची संख्या दर दिवाळीला वाढते. अशा माणसाला मोजणीबाईंच्या हाताखाली तीन वर्षं ठेवणं म्हणजे मांजराला दुधाच्या डेअरीत हिशेबनीस करण्यासारखं होतं.

त्यांनी मला घेतलं कसं, तेही सांगतो. मुलाखतीला मी पाऊण तास उशिरा गेलो, खुर्ची न विचारता ओढली आणि विद्यापीठाच्या कॅन्टीनबद्दल बोलत सुटलो. बाई शांतपणे ऐकत होत्या. शेजारच्या प्राध्यापकांचा चेहरा लाल होत चालला होता. बाईंनी माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहिलं आणि कागदावर एक ओळ लिहिली. ती मी उलटी वाचली: 'विशेष प्रयत्न न करता राग आणतो.' नोकरी पक्की झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पडद्यापुढे बसवून ठिपक्यांची परीक्षा घेतली. "तुझंही एक माप असू दे," म्हणाल्या आणि कागद टेबलाच्या खणात टाकला. मी तो विसरलो.

बाईंना स्वतःला राग आणता येत नसे. एकदा मला ताप होता म्हणून त्यांनी माझं काम करून पाहिलं. बँकेतल्या एका कारकुनाला वीस मिनिटं ताटकळत ठेवायचं होतं. दुसऱ्या मिनिटाला बाईंनी त्याला पंखा लावून दिला, चौथ्याला पाणी, सहाव्याला माफी. तो माणूस इतका प्रसन्न होऊन घरी गेला की त्याचा कागद फाडावा लागला. त्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. मीही तीन वर्षांत त्यांच्यावर माझी सगळी कला वापरून पाहिली. उशिरा आलो, फाइल हरवली, त्यांच्या डब्यातलं थालीपीठ खाल्लं. त्या फक्त म्हणायच्या, "दीड खाल्लंस. अर्धं ठेवायचं कारण काय?"

अभ्यास साठ माणसांचा होता आणि बाई जूनअखेर निवृत्त होणार होत्या. सहा वर्षं त्या यामागे होत्या. दोनदा निधी थांबला, एकदा यंत्र बिघडलं. निवृत्तीआधी निष्कर्ष लिहून पाठवायचे, ही त्यांची एकच इच्छा मी ऐकली. तीही त्यांनी इच्छा म्हणून नाही, वेळापत्रक म्हणून सांगितली होती. मार्चअखेर एकोणपन्नास झाली. मग हैदराबादेत ऊन असं पडलं की ऑटोवाले झाडाखालून हलेनात, विद्यार्थी गावी पळाले. मी रोज स्टँडवर जाऊन उभा राहायचो. कुणी यायचं नाही. बाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "किती?" मी म्हणायचो, "शून्य." हा एकच आकडा मी कधी फुगवला नाही, आणि तो ऐकल्यावर त्या चष्मा काढून पुसायच्या.

एप्रिलमध्ये बाई तीन दिवस बहिणीकडे नांदेडला गेल्या. परतल्या तेव्हा साठ झाली होती.

अकरा माणसं मी तीन दिवसांत कशी जमवली याची हकिगत मी त्यांना रंगवून सांगितली. त्यात एक बॉक्सर होता, एक लग्नाचा बँडवाला होता, आणि सासूवर चिडलेली एक बाई होती जिला राग आणायचे कष्टच पडले नाहीत. बाईंनी सगळं ऐकलं. त्यांनी विचारायच्या आधीच, पहिल्यांदाच, मी आपणहून "मोजले" असं सांगितलं. दोन दिवस त्या आकडे बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवलं.

"चूक झाली की माणूस दबकतो," त्या म्हणाल्या. "लालवर बटण दाबलं गेलं, की पुढच्या ठिपक्याला तो जरा थांबतो. म्हातारा असो, पोरगा असो, कितीही रागावलेला असो. एकोणपन्नास माणसं थांबलीत. हे अकराजण थांबत नाहीत. चूक झाली की पुढचं बटण आणखी झटकन दाबतात."

मी म्हणालो, बॉक्सर असतो तो तसाच.

त्यांनी खण उघडला आणि तीन वर्षांपूर्वीचा माझा कागद टेबलावर ठेवला. "असं करणारा मला आजवर एकच माणूस भेटलाय."

खोलीतला पंखा फिरत होता. मी तो कागद उचलला, वाचला, पुन्हा जागेवर ठेवला. शेवटी म्हणालो, "बाई, तुमचं काम अडू नये म्हणून मीच बसलो पडद्यापुढे."

"हं."

"अकरा काढून टाका. मी मे महिन्यात अकरा आणतो. पायांवर लोटांगण घालून आणतो."

"अकरा नाही. तू एकट्यानं घेतलेले सगळे काढावे लागतील. अडतीस."

"बाई, त्यातले बाकीचे सत्तावीस खरे आहेत. आईची शपथ, ती सगळी माणसं खरी आहेत."

"असतील," त्या म्हणाल्या. "मला कसं कळणार?"

उरली बावीस. बावीस माणसांवर काही सिद्ध होत नाही, हे त्यांनी मला शिकवलंच होतं. खाजामियाँ त्या बावीसांत होते. बाईंनी विभागाला चार ओळींचं पत्र लिहिलं: आकड्यांचा काही भाग विश्वासार्ह नाही, देखरेख माझी होती, निष्कर्ष पाठवत नाही. माझ्या आयुष्यात मी केलेली कुठलीही गोष्ट इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलेली नाही. जूनमध्ये त्यांना शाल आणि नारळ मिळाला. भाषणात त्यांनी चहावाल्यापासून सगळ्यांचे आभार मानले. माझेही मानले.

नंतरही मी काचीगुड्याला त्यांच्या घरी जात राहिलो. चहा मिळायचा, साखर तितकीच. दिवाळीत त्यांनी अनारसे खाऊ घातले, वर डबा भरून दिला. पत्राचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी रोज वाट बघायचो की आज ओरडतील. घरी आमचे वडील म्हणायचे, "ओरडल्या नाहीत ना? मग झालं, विसरल्या." मला तसं वाटत नव्हतं. मी आता एका क्लासमध्ये शिकवतो. फळ्यावर चूक झाली की हात आपोआप जोरात चालायला लागतो. तेव्हा मी खडू खाली ठेवतो आणि पाच आकडे मोजतो. खरं सांगायचं तर तीन.

संक्रांतीनंतर बाई घर रिकामं करून कायमच्या नांदेडला निघाल्या. सामान उचलायला मी गेलो. ट्रंक उचलताना म्हणालो, यात दोन क्विंटल भरलंय. त्या म्हणाल्या, "सतरा किलो. काट्यावर ठेवली होती." स्टेशनवर त्या गाडीत खिडकीशी बसल्या, मी फलाटावर उभा. गाडी सुटायला थोडा वेळ होता, आणि नऊ महिने पोटात ठेवलेलं मी विचारलं.

"बाई, तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. तुम्हाला माझा राग आलाच नाही का?"

त्यांनी चष्म्याची डबी शोधली, चष्मा आत ठेवला, डबी पिशवीत ठेवली.

"आला होता," त्या म्हणाल्या. "दोनशे चौदा दिवस."