साहेबांना झोंबलेलं पान

मंडळी, आज मी सूड घेतला.

इथे आखातात, शुऐबा भागातल्या साइटवर आमच्या मराठी सुपरवायझरने परवा मी वाचत असलेली कादंबरी भंगारात फेकली. "वेल्डर आहेस, वेल्डरसारखा राहा!" आफ्रिकन लेखकाची कादंबरी होती, मळ्यातल्या मजुरांच्या लढ्याची. मी ती उचलून पुसून ठेवली.

आज जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोरच उभा राहिलो. मजुरांना शिक्षा म्हणून उन्हात उभं करणाऱ्या मुकादमाचं पान सगळ्या कामगारांना कळावं म्हणून हिंदीत मोठ्याने सांगितलं. आमचा हा सुपरवायझर साहेबही तेच करतो. सगळे वळून त्याच्याकडेच बघू लागले.

"बंद कर!" तो ओरडला.

"साहेब, गोष्ट आफ्रिकेतली आहे. तुम्हाला का झोंबली?"

तो जेवण अर्धवट टाकून निघून गेला. मला जराही दया आली नाही. तुम्हाला आली असती?