पडायला जागा

मंडळी, आत्ताच घरी आले आणि चहासुद्धा न टाकता लिहायला बसलेय.

नारायणगुड्याला आमच्या मराठी मंडळाशेजारी मोकळं मैदान आहे. तिथे सार्वजनिक स्केटपार्क करायचं चाललंय, आणि महापालिकेने लोकांच्या सूचना मागवल्यात. मंडळाने काय कळवायचं, याची आज मीटिंग होती. खरं सांगते, मी विरोध करायलाच गेले होते. मला तिथे वॉकिंग ट्रॅक हवा होता.

दहावीतली ईशा उभी राहिली. तिचं मराठी घरातल्यापुरतं. म्हणाली, "आम्हाला पडायला जागा पाहिजे."

आमचे वकीलकाका, पंचाहत्तरीचे, लगेच म्हणाले, "पडायला घरी पलंग नाही का गं?" सगळा हॉल हसला. मीही हसले.

ईशाला कळेचना का हसतायत ते. तिने बाही वर केली. कोपर सोलवटलेलं होतं. "असं पडायला, काका. स्केटिंग शिकायचं तर शंभर बार पडावंच लागतं. पण रस्त्यावर पडलं की मागून ऑटो येतो."

मग काकाच म्हणाले, "मी सायकल याच मैदानात शिकलो. गुडघे फुटले, पण मागून काही येत नव्हतं. जागा नक्को कसं म्हणू?"

पत्राची पहिली ओळ त्यांनीच सांगितली: मुलांना पडायला जागा हवी. खाली माझीही सही आहे. ट्रॅक मी पार्कच्या कडेने मागितलाय.

तुमच्याकडे आहे का हो, मुलांना पडायला जागा?