कवळी काढून चाखणाऱ्या अक्का

गबरूचं जेवण तयार झालं की शेजारच्या अक्का स्वतःची कवळी काढून खिडकीत ठेवत आणि पहिला घास आपल्याच तोंडात घालत. "मना हिरड्यासले जमनं तर त्याले बी जमी," म्हणत. मग उरलेलं गबरूपुढे.

गबरू माझा. मांजराएवढा पांढरा पॉमेरियन, म्हातारा. दात सगळे पडलेले, जीभ कायम एका बाजूने बाहेर. जळगावात जुन्या मोटारसायकलींचा धंदा मी शून्यातून उभा केला. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत त्याच्या मनातला भाव ओळखतो. पण हा कुत्रा का खात नाही, ते मला ओळखता येईना. मी टोस्ट टाकायचो, तो हुंगून बाजूला व्हायचा, मी ओरडायचो. एक दिवस अक्कांनी भर गल्लीत सुनावलं, "भाऊ, त्यानं पोट शे, तुनं दुकान नही! दात नही त्याले, टोस्ट काय देस?"

गल्ली खदखदून हसली. तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

त्या दिवसापासून गबरू अक्कांकडे जेवू लागला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी दुधात कुस्करून. हिवाळ्यात भरिताची वांगी भाजली की लसूण-मिरची पडायच्या आधी त्याचा वाटा बाजूला.

"बिनमिरचीचं भरीत? खान्देशात?" मी टोमणा मारला.

"तुले नही देवाव," अक्का म्हणाल्या.

मागच्या वर्षी लेक त्यांना कायमचं शिरपूरला न्यायला आली. सामान चढलं आणि अक्कांनी जाहीर केलं, "गबरू बी मनासंगे ई. आठे तो उपाशी मरी."

माझं डोकं फिरलं. "कुत्रा माझा आहे, अक्का!"

"मंग खावाड त्याले. आते. तुना हातनं खाई त तुना, नही त मना."

सौदा! मी कधी सौद्याला नाही म्हणालोय? अख्खी गल्ली जमली. मी फरशीवर मांडी घातली, कुस्करलेली भाकरी बोटांवर धरली. गबरूने तोंड फिरवलं. पुन्हा धरली, पुन्हा फिरवलं. तो अक्कांकडेच बघत होता. माझे कान तापले.

"आई, चल ना," लेक म्हणाली.

अक्कांनी नुसतं गप्प राहायचं होतं. कुत्रा त्यांचाच झाला होता. त्या वाकल्या आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या, "डाव्या अंगे धर रे. उजव्या हिरड्या दुखतस त्यान्या."

मी डावीकडून धरली. गबरूने हुंगलं, जीभ लावली, आणि घास गिळला!

"खाल्लं! अक्का, खाल्लं!" मी असा ओरडलो की समोरच्या गच्चीवरचे लोकही टाळ्या वाजवू लागले. अक्का हसल्या, पदराने डोळे पुसले आणि गाडीत जाऊन बसल्या. गबरूला एकदा जवळही घेतलं नाही.

गाडी वळणावर गेली तेव्हा तो माझी बोटं चाटून साफ करत होता आणि मला धावत जाऊन अक्कांशी भांडायचं होतं. समोरचा हरत असताना त्याला आपलं गुपित सांगतं का कोणी?